सालोमीबायचं वजन

आवाज काही फार मोठा झाला नाही. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी, तेवढाच. पण तो ऐकून आत्माराम जागीच थांबला. बंदराच्या वळणावर अर्धा कोळीवाडा जमला होता, पण तो आवाज कशाचा हे त्या एकट्यालाच कळलं.

पुढच्याच क्षणी ट्रॉली मधोमध बसली. तिच्यावरून समुद्राकडे निघालेली जेम्सची नवीकोरी फायबरची बोट डाव्या अंगाला कलली, ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक दाबला, बँडवाल्यांची धून अर्ध्यावर तुटली. बोटीच्या पुढच्या टोकाला हार घालून बसवलेली सालोमी, म्हणजे जेम्सची थोरली बहीण, घसरत घसरत बोटीच्या तळाशी गेली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर, गजरा कानावर. सालोमी अंगाने चांगली भक्कम बाई. ती पडल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

आत्माराम ट्रॉलीखाली वाकला. दोन चाकांना जोडणारा ॲक्सल बरोबर मधल्या जोडापाशी तुटला होता. निळ्या रंगाखालून ताजं लोखंड चमकत होतं. तो जोड त्याच्याच हातचा. शेजारी एक ओलं गोणपाट पडलं होतं, ते त्याने ओढून त्या चमकणाऱ्या तोंडावर टाकलं आणि उठून उभा राहिला.

“काय झालं रे, आत्माराम भाऊ?” जेम्स धावत आला. “तू तर तीन टनाची बात केली व्हती!”

बँडवाले बघत होते, पवित्र पाण्याचं भांडं हातात घेऊन फादर बघत होते. आत्मारामने गोणपाटाकडे पाहिलं. आणि मग त्याची जीभ आपली आपणच बोलली.

“तीन टनांचीच केली रे! पण सालोमीबायला धरून चार होतील, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!”

आणि जो काही हशा पिकला! बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. फादरांनी तोंडावर हात धरला. जेम्सच्या डोळ्यांत खरं तर पाणी यायला लागलं होतं, पण तोही हसला. आणि बोटीच्या तळातून सगळ्यांत मोठ्याने हसली ती सालोमीच.

“मी सांगत व्हते, मला नका बसवू म्हनून!” ती ओरडली.

मग ती काठाला धरून एकटीच उठली आणि एकटीच खाली उतरली. जो तो हसण्यात गुंतला होता, हात कोणी दिलाच नाही.

*

खरं तर आत्माराम खिडक्यांच्या ग्रिलचा माणूस. बापाची नंदाखालला केळीची बाग होती. पण चिखलात पाय घालायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने पापडीत वेल्डिंगचं दुकान टाकलं. वसईत इमारतींवर इमारती उठत होत्या, प्रत्येक खिडकीला ग्रिल लागत होतं, दुकान बरं चाललं होतं. त्याच्या मागच्या आवारात जेम्सची बोट तयार होत होती, आणि तिथूनच हे लचांड त्याच्या गळ्यात आलं.

जेम्सची जुनी लाकडी होडी ओंडक्यांवरून ओढत न्यायचे. दोरीला तीस-चाळीस माणसं लागायची आणि ती असायची. आता कोळीवाड्याची पोरं मुंबईला नोकऱ्यांवर जाऊ लागली. दोरी होती, ओढणारे हात नव्हते. म्हणून ट्रॉली, पुढे ट्रॅक्टर. जेम्स म्हणाला, “भाऊ, तुला जमल का?” आता ‘मी हे कधी केलं नाही’ एवढं म्हणायला काय जातं? पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. आत्माराम म्हणाला, “तीन टन टाक. बिनधास्त.”

बोट बांधणाऱ्याने रिकाम्या बोटीचं वजन सांगितलं होतं, तेवढंच त्याने धरलं. भंगारातून टेम्पोचा जुना ॲक्सल आणला. तो रिकाम्या बोटीला पुरला असता. पण बोट टेम्पोपेक्षा रुंद, चाकं आत पडायला लागली. तेव्हा त्याने ॲक्सल मधोमध कापला, हातभर तुकडा घातला आणि दोन्हीकडून वेल्डिंग मारलं. चाकं बाहेर आली. सगळा भार जिथे येणार, तिथेच जोड. असं करू नये हे वेल्डिंगच्या दुकानातल्या पोरालाही कळतं. आत्मारामलाही कळत होतं. त्याने त्यावर निळ्या रंगाचे दोन हात मारले.

आणि निघायच्या दिवशी जेम्सने बोट भरली. इंजिन बसवलेलं, नांगर, जाळी, डिझेलचे डबे, बर्फाची पेटी. नवी बोट रिकामी पाण्यात उतरवायची नाही, आणि घरची थोरली लेक पुढे बसल्याशिवाय तर मुळीच नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. सालोमीने लग्न केलं नव्हतं. आईमागे भावंडांना तिनेच वाढवलं. बापाच्या होडीत ती बसली होती, काकाच्या होडीत बसली होती. वर्षभर मासळीची पाटी डोक्यावर आणि त्या एका दिवशी गळ्यात हार. तिच्या वाट्याला आलेला मान तो एवढाच.

*

“कोणा मेल्याने म्हटलं रे ते?” दोन दिवसांनी विनयाने विचारलं. आत्मारामची बायको बाजारातून नुकतीच आली होती, पिशवीत मासळी नव्हती.

“काय?”

“सालोमीबद्दल. अख्खा बाजार तेच बोलतोय, पण पहिलं कोण म्हणालं ते मला कोणी सांगेना. भाजीवाल्या बायका ओरडतात, सालोमी, ओटा सांभाळ गो! आणि ती बिचारी ओट्यावर बसतच नाही, खाली जमिनीवर बसलेली. मी म्हटलं, अगं वर बस ना. तर म्हणते, नको वहिनी, इथंच बरं. एरवी माझ्याशी भांडून भांडून दोन मांदेली जास्त घालणारी बाई, आज मान वर करून बघेना. मला काही घ्यावंसंच वाटलं नाही. ज्याने कोणी म्हटलं त्याची जीभ झडो.”

आत्माराम ताटात बोट फिरवत राहिला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं आणि तेल काढणारा घरात बसून भात खात होता. त्याला लाज वाटत होती, पण लाज वाटून माणूस बोलतोच असं नाही. पुष्कळदा तो नुसता कमी जेवतो.

बोट वळणावरच उभी होती. खाली नारळाची खोडं, जॅक, टेकू. येणारा-जाणारा तिथे थांबे आणि तेच वाक्य म्हणे. अमावास्येचं उधाण हुकलं होतं, आता पुनवेच्या भरतीला बोट उतरवायची होती. बाकीच्यांच्या होड्या समुद्रावर गेल्या, जेम्स टेकूंभोवती फिरत राहिला.

मोडकी ट्रॉली आत्मारामने दुकानात ओढून आणली. तुटलेला ॲक्सल काढला आणि त्याच गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. या वेळी तो वसईभर हिंडला. ट्रकचा अखंड ॲक्सल शोधून आणला, तो कापला नाही, सांगाडाच त्याच्या मापाने नव्याने केला. इंजिनाचं वजन विचारलं, ओल्या जाळ्याचं विचारलं, बर्फाचं विचारलं. हे सगळं आधी विचारायचं होतं.

“आता सुझान बसल,” जेम्स म्हणाला. सुझान त्याची कॉलेजात जाणारी मुलगी, काडीसारखी. “सालोमीला मी सांगितलं. परत काय झालं तर पोरी लोक तिला जगू देनार नाय.”

“ती काय म्हणाली?”

“काय बोलनार? बरं बोलली.”

सांगायची वेळ तीच होती. आत्माराम म्हणाला, “स्टेपनीपण घेऊ एक, असलेली बरी.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सालोमी दुकानात आली. पाटी नव्हती, धुतलेलं लुगडं नेसली होती. दारातल्या लोखंडी स्टुलाकडे तिने बघितलं आणि उभीच राहिली.

“ये ना, सालोमीबाय. बस.”

“नको. कपरे खराब व्हतील.” कपडे कसले, ती स्टुलाच्या पायांकडे बघत होती. मग तिने कनवटीचं एक छोटं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. “ह्ये घे.”

वसई रोडच्या स्टेशनवर वजनाचं रंगीत दिव्यांचं मशीन होतं. वर उभं राहायचं, नाणं टाकायचं, चाक फिरायचं आणि कार्ड बाहेर यायचं. एका बाजूला नटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला आकडा.

“मला वाचता येत नाय. तितल्या मानसानं मोठ्यानं वाचलं, सगल्यांनी ऐकलं. व्हऊ दे. तू सगल्यांची वजनं विचारत फिरतो ना, इंजिनाचं, बरफाचं? मग माजंपन धर. ह्या वजनाला टिकल अशी ट्रॉली कर. आनि नाय टिकनार तर आताच सांग. मी नाय बसत. पन पयला सांग.”

आत्मारामने कार्ड हातात घेतलं. ब्याण्णव किलो. बर्फाची पेटी याच्या दुप्पट होती. एवढ्या जड बोटीत एक बाई म्हणजे काय? पण ही बाई लोकांच्या रांगेत उभी राहून, त्या दिव्यांच्या मशीनवर चढून आली होती. उभ्या जन्मात त्याला स्वतःची एवढी किळस आली नव्हती.

तो कोपऱ्यात गेला, गोणपाट सोडलं आणि तुटलेला ॲक्सल तिच्या पायांपाशी आणून ठेवला.

“हा बघ. इथे तुटला. हा जोड मी मारलेला. मधोमध जोड मारायचाच नसतो, आणि मारला तोही कच्चा. वर रंग दिला. तू बसली नसतीस तरी तो तुटलाच असता.”

सालोमी वाकली. मासा ताजा आहे का बघताना दाबतात, तसं तिने त्या तोंडावर बोट दाबलं.

“म्हंजे मी नाय मोडली?”

“नाही.”

“तवा ठाऊक व्हतं तुला?”

“होतं.”

तिने बोट लुगड्याला पुसलं. ‘असू दे, भाऊ’ म्हणेल असं आत्मारामला वाटलं. खरं सांगायचं तर तो त्याचीच वाट बघत होता.

“मी रातचं जेवत नाय रे,” ती म्हणाली, “तवापासून. पोटात आग परते, पानी पिते नि झोपते.” मग तिचा आवाज चढला. “सगले हसले, हसू दे. तू हसला, हसू दे. पन मी हसले, मेल्या! मला वाटलं, माजीच चुकी, म्हनून मीपन हसले! त्ये कसं परत घेऊ मी?”

आत्मारामने स्टूल पुढे सरकवलं, ती बसली नाही.

“पुनवेला बंदरावर सांगशील? सगल्यांसमोर? फादरासमोर?”

“सांगेन.”

“मोठ्यानं,” सालोमी म्हणाली आणि कार्ड त्याच्या हातातून काढून घेऊन गेली.

*

पुनवेच्या दिवशी आत्माराम मोडका ॲक्सल स्कूटरवर बांधून बंदरावर गेला. विनया मागे बसली होती. आदल्या रात्री त्याने तिला सगळं सांगितलं होतं आणि त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

बोट नव्या ट्रॉलीवर चढली होती. सुझान हार घेऊन उभी होती. आत्मारामने ॲक्सल जमिनीवर टाकला, त्या आवाजाने लोक वळले.

“त्या दिवशी ट्रॉली मोडली, ती माझ्यामुळे,” तो म्हणाला. “जोड कच्चा होता.”

“मोठ्यानं,” गर्दीतून सालोमी म्हणाली.

“जोड कच्चा होता!” तो ओरडला. “मला माहीत होतं. मी वर गोणपाट टाकलं आणि सालोमीबायच्या नावावर खपवलं. तिचा काही संबंध नव्हता. तिची माफी मागतो, जेम्सची मागतो.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग एक म्हातारा कोळी पुढे आला आणि त्याने आत्मारामच्या पाठीवर थाप मारली. “भला मानूस तू. बाईमानसाचं मन राखाया चुकी आपल्यावर घेतली.” मागून कोणीतरी म्हणालं, “सालोमी, सुटली गो तू!” आणि पुन्हा हसू फुटलं, तसंच, फक्त जरा मायेचं. एवढी चांगली थट्टा आणि ती अशी फुकट घालवायची? लोक तयारच नव्हते. आत्माराम “नाही हो, खरंच सांगतोय” म्हणत राहिला. तो जितका म्हणत गेला तितका जास्तच भला ठरत गेला.

हसला नाही तो जेम्स. त्याने वाकून ॲक्सलचा जोड पाहिला, आत्मारामकडे पाहिलं. मग सुझानच्या हातातला हार घेतला, बहिणीपाशी गेला आणि तिच्या गळ्यात घातला.

“चल, बाय.”

या वेळी त्याने हात दिला. विनयाने खालून आधार दिला. सालोमी पुढच्या टोकाला जाऊन बसली. फादरांनी पाणी शिंपडलं, बँड वाजला, ट्रॅक्टरने झटका दिला. वळण आलं. वळण गेलं. सगळे नाचत पुढे निघाले, सगळ्यांच्या माना समुद्राकडे. आत्माराम तेवढा चाकाबरोबर चालत होता.

रस्ता संपला, रेती लागली. चाकं जराशी रुतली, ट्रॉली कुरकुरली. ट्रॉली मजबूत होती. आणखी चार सालोम्या बसल्या असत्या तरी तिला काही झालं नसतं. आत्मारामने तिला ते सांगायला वर पाहिलं.

सालोमी समुद्राकडे बघत नव्हती. ती खाली चाकाकडे बघत होती. दोन्ही हातांनी तिने बोटीचे काठ घट्ट धरले होते आणि हातांवर जोर देऊन बसल्या जागेवरून स्वतःला थोडंसं वर उचलून धरलं होतं.

पाणी लागेपर्यंत ती तशीच राहिली.