गल्लीचे सोळा दिवे

गल्लीतले सोळा दिवे मावशीच्या बोटावर लागायचे. बटणाची पेटी तिच्याच दाराशेजारी भिंतीवर होती आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला. आधी हे काम नवऱ्याचं. तो गेल्यावर एकोणीस वर्षं तिनं केलं, पण रोज मुद्दाम जरा उशिरा. मग हाका सुरू व्हायच्या.

"मावशी, झोपलात काय? दिवे लावा की!"

"लावते गं! चालायला पाय लागतात, दिवे नाही!"

दिवसभरात माणसाशी बोलणं काय ते एवढंच.

पुढे पिवळे दिवे उतरले आणि पांढरेफेक एलईडी चढले. पेटी गेली, तिच्या जागी बोटभर डोळा बसला. अंधार पडला की त्याला आपोआप कळतं आणि दिवे लागतात. किल्ली परत घेताना नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "सुटलात कटकटीतून!" मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की साहेबांनी पुढचं वाक्य गिळलं.

त्या संध्याकाळी ती दारात बसली. दिवे लागले. कुणी हाक मारली नाही. महिना झाला तरी नाही.

मग एका दुपारी ती स्टुलावर चढली आणि नवऱ्याचा काळा मोजा तिनं त्या डोळ्यावर चढवला. डोळ्याला वाटलं रात्र झाली. भर उन्हात सोळाच्या सोळा दिवे लागले. मावशी दारात येऊन बसली. आता येतील बोंबलत! एकाहून एक तिखट उत्तरं तिनं जिभेवर तयार ठेवली.

दूधवाला गेला. समोरची कानाला फोन लावून गेली. मान वर कुणी केली नाही. तीन दिवस तसेच गेले.

चौथ्या दिवशी शिडी घेऊन वायरमन आला.

"मावशी, हा मोजा कुणाचा?"

"माझ्या नवऱ्याचा. का, तुला हवाय?"

तो हसला. मावशीला बरं वाटलं.

"तक्रार कुणी केली? समोरचीनं ना? तिचंच नाक लांब."

"कुणीच नाही. दिवसा दिवे जळले की ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळतं."

"गल्लीतलं कुणीच बोललं नाही?"

"कुणीच नाही."

याला द्यायचं उत्तर काही मावशीनं तयार ठेवलं नव्हतं.

वायरमननं डोळा काढून उंच खांबावर नेला. मावशीनं खाली शिडी धरली. त्याचं घर कुठं, आई काय करते, जेवलास का, सगळं विचारून झालं.

"आता परत कधी येशील?"

"बिघडलं तर."

"बिघडतं ना अधूनमधून?"

"छे! दहा-बारा वर्षं बघायला नको."

मावशीला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं.

"मेलं फारच टिकाऊ केलंय," ती म्हणाली.

तो खाली उतरला, पक्कड पिशवीत टाकली, हात झटकले.

"मावशी, शिडी सोडा आता."