छत्रीवालीच्या नावाचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. थडग्यावरचा. नाव ऐकून लगेच पळू नका, माझ्यात भूतबीत काही नाही. माझ्या अंगावर दोन नावं कोरलेली आहेत, एक नवऱ्याचं आणि एक बायकोचं. त्यांतल्या बायकोच्या बाबतीत मी गेली बारा वर्षं सपशेल खोटं सांगत आलो आहे.

माझा जन्म खाणीतला. तिथून मी पाथरवटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो. त्याने मला घासून असं गुळगुळीत केलं, की येणारे-जाणारे उगाचच हात फिरवून जात. मला तेव्हा थोडा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडच्या कामाची एक रीत आहे. नवरा-बायकोच्या दगडावर दोन्ही नावं एकदमच कोरतात, कारण पुरलेला दगड पुन्हा उपटून आणणं म्हणजे भारी उपद्व्याप. जो गेला त्याच्या अक्षरांत काळा रंग भरायचा आणि जो मागे राहिला त्याची अक्षरं कोरी ठेवायची. काळा रंग म्हणजे माणूस गेला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता आमचा पाथरवट हाताचा पक्का, पण तोंडाने सैल. गावातला टपालवाला वारला आणि त्याचं नाव रंगवण्याचा दिवस आला, तेव्हा शेडमध्ये पाथरवटाचा साडू येऊन बसला होता. दोघांच्या गप्पा रंगल्या. कुंचला चालू, तोंडही चालू. गप्पा संपल्या तेव्हा दोन्ही नावं काळीकुळकुळीत झाली होती. पाथरवटाने डोक्याला हात लावला. टपालवाल्याची बायको दगड बघायला आली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला की रंग खरवडून देतो, अक्षरांची कड थोडी झिजेल.

ती शिवणकाम करणारी बाई. रेखीव कामाची तिला कदर होती. ती म्हणाली, "राहू द्या हो. इतक्या सुबक अक्षरांवर कशाला छिन्नी चालवता? पुढेमागे कुणाचं तरी तेवढंच काम वाचेल."

अशा रीतीने मी दफनभूमीत उभा राहिलो. तिचं घर मागच्या कुंपणाला लागूनच होतं. रोज दुपारचं काम आवरलं, की ती काळी छत्री घेऊन यायची, माझ्या पायाशी बसायची आणि नवऱ्याला दिवसभराची हकिकत सांगायची. कुणाच्या झग्याची बाही घट्ट झाली, मशीनचा पट्टा कसा सारखा सुटतो, असलं सगळं. तो ऐकत होता की नाही ठाऊक नाही. मी मात्र ऐकत होतो आणि मला ते फार आवडायचं.

पुढे गावाबाहेर कारखाना उभा राहिला. तिला ओळखणारी जुनी माणसं घरं विकून शहरात गेली आणि कामगारांच्या नव्या खोल्यांत नवी माणसं आली. त्यांच्यात एक कारकून होता. दिसेल ते मोठ्याने वाचायची त्याला खोड. एकदा त्याने मला वाचलं. परतताना कुंपणामागच्या घरावरची 'शिवून मिळेल' ही पाटी वाचली. पाटीखालचं नाव आणि माझ्यावरचं नाव एकच. त्याच वेळी ती छत्री उघडून दारातून बाहेर पडली. कारकून जो सुटला, तो थेट घरी जाऊन कडी लावूनच थांबला.

मग काय विचारता! ज्याने त्याने त्यात आपली भर घातली. छत्रीवालीची सावली पडत नाही. ती दगडाशी बोलते आणि दगड उत्तर देतो. (हे तर धादांत खोटं, मला उत्तर देता आलं असतं तर बरंच झालं असतं.) सगळ्यात वाईट म्हणजे, तिने काही मागितलं आणि आपण दिलं, की तीन दिवसांत ताप भरतो. तिच्याकडे शिवायला कुणी कापड आणेनासं झालं. सुरुवातीला ती हसली. "मेले म्हणे मी," नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही." हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. शेवटी शेवटी ती नुसतीच बसून असायची. माझ्यामुळे हे झालं, असं मला सारखं वाटे.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी तिचा पाय बिळात अडकला आणि ती माझ्यासमोरच पडली. घोट्यात हाड मोडलं. ती हाका मारू लागली. दोन कामगार कुंपणापलीकडून डोकावले. भुताचे पाय उलटे असतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. तिचं पाऊल मोडून भलतीकडे वळलेलं होतं. दोघांनी ते पाहिलं आणि धूम ठोकली. थोड्याच वेळात खोल्यांची दारं धडाधड बंद झाल्याचं मला ऐकू आलं. ती पाणी मागत होती आणि तिने मागितलेलं द्यायचं नसतं, हे सगळ्यांना पाठ होतं. मी तिच्या पाठीला टेकू देऊन उभा होतो. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं, मुळात मला हातच नाहीत.

दोन तास गेले. तिचा आवाज बसला. ऊन माझ्यावरून तिच्या तोंडावर आलं.

तेवढ्यात कपड्यांचं गाठोडं घेऊन कामगारांच्या खोल्यांतली इस्त्रीवाली त्या वाटेने आली. छत्रीवालीची भीती घालून आपल्या मुलीला जेवू घालणारी हीच ती. पण ती पळाली नाही, कुंपणाशी थांबली.

"खरं सांग," ती म्हणाली, "तू जिवंत आहेस की गेलेली?"

"जिवंत आहे गं," टपालवाल्याची बायको म्हणाली. "पण आता पाणी दिलं नाहीस, तर तुमची गोष्ट खरी होईल."

"मग दगडावर नाव कसं?"

"पाथरवट चुकला. इतक्या वर्षांत हे मला विचारणारी तू पहिलीच."

इस्त्रीवालीने गाठोडं खाली टाकलं. आधी डब्यातलं पाणी पाजलं, मग कुणाचा तरी कडक इस्त्रीचा अभ्रा फाडून पाय बांधला. नंतर खोल्यांसमोर जाऊन ती अशी कडाडली, की मघाचेच दोघे खाली मान घालून खाट घेऊन आले. पाय बरा होईपर्यंत म्हणून तिने म्हातारीला आपल्या शेजारच्या खोलीत ठेवून घेतलं, आणि पाय बरा झाल्यावरही सोडलं नाही. आता मशीन तिथेच चालतं. कारकुनाच्या सदऱ्याची झिजलेली कॉलरही तीच उलटवून शिवून देते, असं कानावर आलं आहे.

पाय अधू झाल्यामुळे ती इकडे क्वचितच येते. मला तिची आठवण येते, रोज येते. माझ्यावर शेवाळ चढलं आहे. माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर म्हणाला असता, या आणि मला घासूनपुसून ठेवा. मी तसं म्हणणार नाही. शेवाळाने दगड मरत नाही. मित्रांनो, तुमच्या गल्लीत जिच्याबद्दल सगळे बोलतात पण जिच्याशी कुणीच बोलत नाही, अशी एखादी असेल. माझ्याकडे येण्याऐवजी तिच्या दारात जा. भीती वाटली तर लांब उभे राहा, पण जे विचारायचं ते तिलाच विचारा. फार उशीर करू नका.