पाटीमागचं घरटं

पाटीवाले एका जागी दहा मिनिटं बसलेत, असं त्यांच्या बायकोनेही कधी पाहिलं नव्हतं. दुकानाची पाटी रंगवायची, शिडीवर चढून लावायची, की लगेच पुढचं काम. त्या सकाळी चष्म्याच्या दुकानाची जुनी पाटी उतरवताना त्यांनी शेवटचा स्क्रू सैल केला, पाटी झुकली आणि मागून काड्यांचं घरटं सुटून फुटपाथवर आपटलं. सोबत बुलबुलाची दोन पिल्लं.

पाटीवाले शिडीवरून कधी उतरले, त्यांनाच कळलं नाही. पिल्लं जिवंत होती, पाठीवर पिसांचे नुसते खुंट. घरट्याचा मात्र पार चुरा झालेला.

“आता माणसाचा हात लागला, की आई जवळ घेत नाही म्हणतात,” दुकानाच्या बाई दारातून म्हणाल्या.

पाटीवाल्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. ती जनावरांच्या दवाखान्यात नर्स होती.

“ताई, दूध पाजू का? आणि हात लागला की आई जवळ घेत नाही म्हणतात, खरंय?”

“काहीएक पाजू नकोस. पाणीसुद्धा नको, श्वासात जाईल. आणि हात लागला म्हणून आई पिल्लं टाकत नाही. अंग गार लागतंय?”

“एकाचं लागतंय.”

“आधी ओंजळीत धरून ऊब दे. मग भोकांची टोपली घे, सुकं गवत घाल, घरटं होतं तिथेच बांध. आणि तिथून चालता हो. तू घुटमळत राहिलास तर आईबाप फिरकायचे नाहीत. दोन तास लांब राहायचं. जमेल तुला?”

“न जमायला काय झालं?”

ताई नुसती हसली.

बाईंनी चष्म्यांच्या फ्रेम ठेवायची प्लास्टिकची टोपली रिकामी करून दिली. टोपली लोखंडी चौकटीला तारेने बांधून पाटीवाले समोरच्या सलूनच्या बाकावर जाऊन बसले. बसले, उठले, पुन्हा बसले. बाईंनी विकायला ठेवलेली दुर्बीण आणून दिली.

“पण पाटीशिवाय गिऱ्हाइकांना दुकान सापडणार कसं?”

“मी इथून ओरडून सांगतो,” पाटीवाले म्हणाले आणि खरंच दोघांना सांगितलं.

बुलबुलांची जोडी तारेवर आली. एकीच्या चोचीत अळी. ती जुन्या जागेवर झेपावली, घिरटी घालून परत फिरली. तीनदा तेच. पाटीवाल्यांचा जीव खालीवर होत होता. टोपली थोडी डावीकडे सरकवली तर? ते उठले, तसा न्हाव्याने त्यांचा खांदा दाबला.

“बसा. नाहीतर दाढी करून टाकीन.”

तासाभराने टोपलीच्या कडेवर एक लाल चोच उघडली. अळीवाली कडेवर उतरली, वाकली आणि मोकळ्या चोचीने उडाली. पाटीवाल्यांनी दुर्बीण न्हाव्याच्या हातात दिली, कारण त्यांना पुढचं काही नीट दिसत नव्हतं.

नवी पाटी लांबली. दुसऱ्या गल्लीत काम सुरू झालं, पण पाटीवाल्यांना तिथे चैन पडेना. दिवसातून दोनदा ते चक्कर मारायचे. तिसऱ्या दिवशी गार लागलेलं पिल्लू टोपलीत मेलेलं सापडलं. पाटीवाल्यांनी शिडीवरच ते खिशातल्या रुमालात गुंडाळलं. दुसरं चोच उघडून ओरडत होतं.

सहाव्या दिवशी बाईंचा फोन आला. “पुन्हा पडलं हो. मी खोक्याखाली झाकलंय.”

पाटीवाले हातातला ब्रश तसाच घेऊन पळत आले. फोनवर ताईने विचारलं, “अंगभर पिसं आहेत? उड्या मारतंय? मग पडलं नाही ते, घरटं सोडून निघालंय. आधी खोकं उचल. झुडपात ठेव आणि मांजर हाकल.”

सलूनशेजारच्या कुंपणात त्यांनी ते सोडलं आणि दिवस मावळेपर्यंत येरझाऱ्या घातल्या. मांजर दोनदा आलं, दोनदा गेलं. आईबाप दाट पाल्यात ये-जा करत होते, पिल्लू मात्र दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपण रिकामं होतं. पाटीवाल्यांनी पाला बाजूला करून पाहिलं, गुडघ्यांवर बसून खाली पाहिलं, पिसं पडलीत का तेही पाहिलं.

“उडालं असेल,” बाई म्हणाल्या.

“असेल.” पण ते शिडीला हात लावेनात.

मग पलीकडच्या झाडातून कर्कश, हट्टी चिवचिवाट आला. आखूड शेपटीचं पिल्लू फांदीवर पंख थरथरवत होतं आणि बाप त्याला भरवत होता.

बाईंनी दुर्बिणीतून खात्री करून घेतली. पाटीवाल्यांनी टोपली सोडली, नवी पाटी वर चढवली आणि ड्रिल सुरू करायच्या आधी चौकटीमागे एकदा हात फिरवून घेतला.