कुरापत मंडळींचा डबा

मित्रांनो, तुमच्या संगणकाच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर एक मळकट, पिवळा पडलेला डबा आहे. कुणी त्यावर दप्तर ठेवतं, कुणी कोपर टेकवून शेजाऱ्याशी गप्पा मारतं. तो डबा म्हणजे मी, एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह. आज बाईंनी तुम्हाला मोकळा तास दिला आहे आणि मलाही मन मोकळं करावंसं वाटतं आहे. तर बसा जरा. घाई नाही.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. फ्लॉपी म्हणजे एक चौकोनी पातळ पाकीट आणि आत काळी गोल चकती. चकतीकडे नुसतं बघितलं तर काही दिसत नाही. पण तिच्यावर एकात एक अशा पस्तीस गोल वाटा असतात आणि लिहिलेलं सगळं त्या वाटांवर असतं. माझ्या पोटात एक इवलंसं हेड आहे. ते त्या वाटांवरून चालतं, लिहिलेलं वाचतं आणि सांगितलेलं लिहितं. चालायचं मात्र वाटेच्या अगदी मधोमध. ही एकच अट देवाने आणि कारखान्याने मला घातली होती.

कारखान्यात एका बाईने दोन स्क्रू आवळून माझं हेड मधोमध बसवलं. कान लावून माझी टरटर ऐकली आणि शेजारणीला म्हणाली, "हा गुणी आहे गं, कटकट करायचा नाही." माझं पहिलं कौतुक ते. खोटं कशाला बोलू, मी त्याने जरा फुगलोच.

तिथून मी आलो ते एका शिवणकामाच्या दुकानात. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली मावशी म्हणायची. त्यांच्या मुलीने हट्टाने संगणक घ्यायला लावला आणि त्याच्याबरोबर मी आलो. घरात जागा कुठली? कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं. त्याच्या एका टोकाला मावशींचं मोटारीवर चालणारं शिलाई मशीन पक्कं बसवलेलं, मधे खडूच्या रेघा ओढलेलं कापड, आणि दुसऱ्या टोकाला संगणक, त्याचा छोटा पडदा आणि मी. मावशींनी शिवण घातली की टेबल थरथरायचं आणि टेबलाबरोबर मीही.

मुलीला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिचा मावसभाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याचं तोंड क्षणभर बंद नसायचं, त्यामुळे त्याचं नाव पडलं होतं भोंगा. तिसरा होता दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक रंगारी. या तिघांनी मिळून एक मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं 'कुरापत'.

मंडळ काय करायचं? डेमो. आता तुम्ही विचाराल, डेमो म्हणजे काय? डेमो म्हणजे संगणकाचा असा प्रोग्राम, ज्याचा व्यवहारात काडीचा उपयोग नाही. त्याने हिशोब होत नाही, त्यात खेळताही येत नाही. पडद्यावर चित्रं हलतात, रंग फिरतात, संगीत वाजतं. पण ते सगळं त्या एवढ्याशा संगणकाने त्याच क्षणी गणित करून काढलेलं असतं. दुबळ्या यंत्राकडून त्याच्या ताकदीबाहेरचं काम करून घ्यायचं आणि ते चार लोकांना दाखवायचं, एवढाच त्यातला आनंद. पहाटे उठून कुणी गळा मोकळा करून गातं, त्याला तरी कोण विचारतं उपयोग काय म्हणून?

गणित ताईचं, चित्रं रंगाऱ्याची. संगीत भोंग्याचं, आणि शेवटची पट्टीही त्याचीच. प्रत्येक डेमोच्या अखेरीला पडद्याच्या तळाशी अक्षरांची एक पट्टी सरकत जायची. दुसरी मंडळं तिच्यात ओळखीपाळखीच्या मंडळांना नमस्कार कळवत. आमचा भोंगा तिच्यात सगळ्यांची सालटी काढायचा. 'अमक्यांचा डेमो पाहिला, आमच्या मावशीच्या सुईला यापेक्षा जास्त गणित येतं,' असलं काहीतरी. लोक चिडत आणि पुढची पट्टी वाचायला आमचीच फ्लॉपी मागवत. दोन वर्षांत 'कुरापत'चं नाव झालं. चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा.

नावाबरोबर माज आला. ही मंडळं एकमेकांना फ्लॉप्या टपालाने पाठवत. आम्हालाही ढिगाने यायच्या. आधी ताई एकेक फ्लॉपी माझ्यात घालून मन लावून बघायची, वहीत टिपून ठेवायची. मग एक दिवस भोंगा म्हणाला, "ताई, कशाला वेळ घालवतेस? शिकायचं त्यांनी आपल्याकडून." ताईने क्षणभर विचार केला आणि हातातली फ्लॉपी खाली ठेवली. त्या दिवसापासून परक्या फ्लॉप्या आल्या तशा परत जाऊ लागल्या. पाकिटावर भोंग्याची अक्षरं: 'न बघता परत.'

त्याच वर्षी डेमो मंडळांच्या वार्षिक स्पर्धेत भोंग्याने कळस केला. 'आजवर कुणी पाहिलं नाही असं काहीतरी' अशी महिनाभर हवा केली आणि सभागृहात जी फ्लॉपी दिली, तिच्यात नुसतं एक मोठं तोंड, जीभ काढून हसणारं. पंच कुठल्याशा प्रयोगशाळेत नोकरी केलेले सरळ गृहस्थ होते. त्यांचा चेहरा पडला म्हणे. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिने भोंग्याला फैलावर घेतलं. मग तो गेल्यावर एकटीच हसली. मी समोर होतो म्हणून सांगतो.

आता माझं पाप सांगतो. मावशींच्या मशीनच्या थरथरीने माझे दोन्ही स्क्रू सैल होत होते आणि माझं हेड दर आठवड्याला किंचित सरकत होतं. मला ते कळलं नाही. कसं कळणार? ताई दर शनिवारी सगळ्या कामाची नवी नक्कल करायची. जुनी फ्लॉपी एका आठवड्याची, फरक एका आठवड्याचा, तेवढा मी चालवून घ्यायचो. लिहायचो कडेने आणि वाचायचोही कडेनेच. एखादी परकी फ्लॉपी माझ्या पोटात आली असती तर मी पहिल्याच फटक्यात अडखळलो असतो आणि ताईने मला लगेच उघडलं असतं. पण परकं काही येतच नव्हतं. आम्ही सगळे आपलंच वाचत बसलो होतो.

आणि नेमकं पुढच्या वर्षी ताईने जन्मातलं सगळ्यात चांगलं काम केलं. मावशी ठाणातून कापड झटकून टेबलावर पसरायच्या, तेव्हा त्याला एक लाट येते, पडते, कडेला जाऊन विरते. ती लाट तिला पडद्यावर आणायची होती. साठवलेली चित्रं दाखवून नव्हे, तर दर क्षणी गणित करून. आठ महिने लागले. दुपारी मावशी जेवून आडव्या झाल्या की ती बसायची. एके दुपारी पडद्यावर कापड खरोखर झटकलं गेलं. मावशी उठून आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुती आहे. रेशमाची लाट अशी जड पडत नाही." ताईने आईला मिठीच मारली.

या खेपेला हसण्यावारी काही न्यायचं नाही, असं तिने दोघांना बजावलं. "लोकांनी बघावं आणि खरं मानावं, एवढंच मला पाहिजे," असं म्हणाली. पट्टीही नको म्हणाली.

स्पर्धेच्या सकाळी ती अंघोळीला गेली असताना भोंगा टेबलापाशी आला. ताईची फ्लॉपी माझ्यात घालून त्याने घाईघाईने चार ओळी लिहिल्या. टाइप करताना तोंडाने पुटपुटत होता, सवयच तशी: "मागच्या वर्षीचं तोंड माझं होतं. ताईला माहीत नव्हतं. आजचं काम तिचं एकटीचं आहे. ज्यांच्या फ्लॉप्या आम्ही न बघता परत केल्या, त्या सगळ्यांना नमस्कार." न्हाणीघराचं दार वाजलं, तशी त्याने फ्लॉपी खसकन ओढून पाकिटात सरकवली. माझा दिवा तोवर विझला होता, म्हणजे लिहिणं पुरं झालं होतं. याला मी साक्षी आहे. पण डब्याला कोण विचारतो?

सभागृहात मी नव्हतो. तिघं संध्याकाळी परत आले तेव्हा जे ऐकलं ते सांगतो. पंचांनी फ्लॉपी त्यांच्या ड्राइव्हमध्ये तीनदा घातली. तिन्ही वेळा एकच उत्तर: रिकामी. मागे कुणीतरी ओरडलं, "आता जीभसुद्धा नाही का?" सगळं सभागृह हसलं. पंच शांतपणे म्हणाले, "बाळांनो, पुरे झाली थट्टा. पुढच्या वर्षी येऊ नका."

ताईने घरातली नक्कल माझ्यात घातली. कापड झटकलं गेलं, लाट आली, विरली. मग तिने मागे न वळता विचारलं, "भोंग्या, फ्लॉपीला हात लावला होतास?"

"ताई, ऐक ना..."

"हो की नाही?"

"हो. पण..."

"झालं तर मग."

"अगं, पूर्ण ऐकून तरी घे," रंगारी मधे पडला.

"काय ऐकायचं? आठ महिने मी डोळे फोडले आणि याला आपली गंमत सुचते! परत या टेबलापाशी येऊ नकोस."

भोंग्याने सभागृहातून परत आलेली ती फ्लॉपी उचलून खिशात घातली आणि गेला. मावशी पायरीपर्यंत मागे धावल्या, "अरे मेल्या, जेवून तरी जा!" म्हणाल्या. त्याने वळून पाहिलं नाही.

इथे 'कुरापत' संपलं. रंगारी चार दिवस आला, मग त्यानेही यायचं सोडलं. ताईने मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. माळ्यावर मी बावीस वर्षं होतो. धूळ, झुरळं, उन्हाळा. तक्रार करत नाही, पण माळा माळाच असतो. खालून आवाज येत. ताईचं लग्न झालं, भोंगा आला, अक्षता टाकून निघून गेला. मावशींना चाळिशी लागली, मग मशीन बंद झालं. बहीणभाऊ समोरासमोर आले की हवापाण्याचं बोलत.

मग तुमच्या बाईंनी जुनी यंत्रं गोळा करायला घेतली आणि ताईने मला खाली काढलं. एका जुन्या मेकॅनिककडे नेलं, सोबत फ्लॉप्यांचं खोकं. त्याने माझा सुकलेला पट्टा बदलला, हेड पुसलं आणि त्याची स्वतःची तपासणीची फ्लॉपी घातली. मी धडपडलो, खडखडलो, काही वाचेना. त्याने दुसरी घातली. तेच. मग त्याने ताईची एक घातली आणि मी घडाघडा बोलायला लागलो.

मेकॅनिकने डोकं खाजवलं. "गंमतच आहे तुमच्या डब्याची. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही हा. हेड सरकलंय. कडेने लिहिलंय, कडेनेच वाचतोय, त्यामुळे घरात सगळं आलबेल. पण याने लिहिलेली फ्लॉपी बाहेर कुठेही घाला. रिकामीच दिसणार."

ताईने स्टूल ओढलं आणि बसली. मग म्हणाली, "आज काही दुरुस्त करू नका. एका माणसाला बोलवायचंय."

भोंगा रविवारी मावशींच्या दुकानात आला. चष्मा लागला होता, पोट सुटलं होतं. बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरी करून आवाज थोडा बसला होता. रुमालात गुंडाळलेली ती फ्लॉपी त्याने टेबलावर ठेवली.

"ठेवलीस तू?" ताई म्हणाली.

"टाकणार कशी? मला वाटायचं मीच बिघडवली. चार ओळी घातल्या आणि घाईत ओढली. काय तोंडाने सांगणार होतो?"

"मी तरी कुठे ऐकून घेतलं?"

मित्रांनो, मला घाम येत नाही, पण त्या वेळी आला असता. बावीस वर्षांची फ्लॉपी. मी हेड टेकवलं. पहिली वाट लागली, मग दुसरी. एका जागी अडखळलो, परत फिरून आलो आणि वाचलं. पडद्यावर कापड झटकलं गेलं. लाट आली, पडली, कडेला जाऊन विरली आणि खालून पट्टी सरकायला लागली. ताईने ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. पुसट आवाजात म्हणाली, "नमस्कारमध्ये चूक केलीयेस. काना राहिलाय."

"घाईत होतो ना."

मग दोघंही हसले आणि खुर्चीतल्या मावशींनी डोळ्याला पदर लावला.

पुढचे दोन दिवस मी खोक्यातली एकेक फ्लॉपी वाचली आणि ताईने सगळं नव्या संगणकात उतरवून घेतलं. रंगारीही आला, जुनी चित्रं बघून स्वतःवरच वैतागला. मग ताई आणि भोंगा मला मेकॅनिककडे घेऊन गेले. तो स्क्रूला पेचकस लावून म्हणाला, "विचार करा हं. एकदा सरळ केला की तुमचं जुनं काही याला वाचता येणार नाही." ताई म्हणाली, "करा." माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. पण तिचं बरोबर होतं.

काम झाल्यावर मेकॅनिकने आपली तपासणीची फ्लॉपी घातली. मी पहिल्या दमात वाचली. मग भोंग्याने, सहज, ती सभागृहातली फ्लॉपी माझ्यात सरकवली. मी हेड टेकवलं. सगळ्या वाटा फिरलो. माझ्याच हाताने लिहिलेलं, शब्दन् शब्द ठाऊक असलेलं, आणि मला तिथे काही म्हणजे काही सापडलं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: रिकामी.

"पंच खोटं बोलत नव्हते रे," ताई म्हणाली.

"उद्या जाऊन पाया पडून येऊ," भोंगा म्हणाला. आणि ते गेलेही. पंच खूप म्हातारे झाले होते. त्यांनी कापडाची लाट दोनदा बघितली आणि चहा होईपर्यंत तिसऱ्यांदा लावायला सांगितली.

मित्रांनो, आता तुम्ही घरून कुणाकुणाच्या जुन्या फ्लॉप्या आणता आणि मी त्या वाचतो. तुम्हाला एकच विनंती. आपलं काम अधूनमधून परक्याच्या हातात देऊन बघा आणि परक्याचं आपल्या हातात घेऊन बघा. मी हे फार उशिरा केलं. आणि माझ्यावर दप्तर ठेवू नका. स्क्रू पुन्हा सैल होतील.