तिसरी वाटी

तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्राच्या जोडीला दोन क्रेडिटचा एक बाहेरचा विषय घ्यावा लागतो. मी ‘माहितीपट आस्वाद’ घेतला. तास शनिवारी दुपारी होता आणि शनिवारी दुपारी मला घरी जायची घाई नसायची, एवढंच कारण. बाकीच्यांनी घेतला तो लेखी परीक्षा नाही म्हणून. सहा माहितीपट पाहायचे, प्रत्येकावर दोन पानं लिहायची, शेवटी तोंडी. यादीत चौदा नावं होती. पहिल्या शनिवारी नऊ जण आले, दुसऱ्या शनिवारी चार, तिसऱ्यापासून मी एकटी.

म्हणजे मी आणि चंदरमामा. चंदरमामा आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. प्रोजेक्टर लावायचं कामही त्यांच्याकडेच होतं. विषय शिकवणाऱ्या भारती मॅडम मराठीच्या. त्याच वेळी त्यांचा दुसरीकडे तास असायचा, म्हणून पाच मिनिटं बोलून, पेन ड्राइव्ह देऊन त्या जायच्या. चंदरमामा पडदे ओढायचे आणि शेवटच्या बाकावर पाय पसरून बसायचे. हजेरीच्या कागदावर चौदा सह्या कशा होतात हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. खिडक्या बंद असल्या तरी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यांतल्या शिलाई मशीनचा आवाज आत येत राहायचा.

“तू आली नसतीस ना, तर मी कुलूप लावून घरी गेलो असतो,” ते एकदा म्हणाले.

मी सॉरी म्हटलं.

“अगं, सॉरी काय. घरी तरी काय आहे, सिरियलीच.”

पहिला माहितीपट मासळी सुकवणाऱ्या बायकांवर होता. त्यात निवेदन नव्हतं, संगीत नव्हतं. कसं पाहायचं ते मला कळेना, म्हणून मी दृश्यं मोजली. दोनशे बारा निघाली. सर्वांत लांब दृश्य चार मिनिटांचं. त्यात एक बाई मासे उलटे करत करत वाळूवरून लांब जाते आणि ठिपक्याएवढी होते. मी तसंच लिहिलं, आकड्यांसकट. पुढच्या शनिवारी मॅडमनी उभ्या उभ्या माझी वही चाळली आणि म्हणाल्या, “मोजलंस छान. पाहिलंस का?”

हा प्रश्न मी बरेच दिवस बाळगला. प्रयोगवहीत ‘मी’ लिहायचं नसतं. द्रावण घेतले, तापवले, रंग बदलला. कोणी घेतलं आणि रंग बदलताना कोणाला काय वाटलं, याला तिथे जागा नाही. मला ती शिस्त आवडते. पण बंद पडलेल्या खाणीजवळचं गाव पाहताना, नदीवरच्या नावाड्याचा माहितीपट पाहताना, माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. पडद्यावर माणूस एकटा दिसतो. रिकाम्या घरात चहा करतो, भिंतीकडे पाहतो. आपल्याला त्याची कीव येते. पण तो एकटा नसतोच. दोन हातांच्या अंतरावर कॅमेरा घेऊन कोणीतरी उभं असतं. तो बहुधा त्या कॅमेऱ्यामागच्या माणसासाठीच एवढा हळू चहा करत असतो.

सहावा माहितीपट एका डोंगरावरच्या हवामान केंद्राचा होता. तिथे एक निरीक्षक सत्तावीस वर्षं राहतो. दर तीन तासांनी बाहेर येतो, तापमापी वाचतो, आकडा मोठ्याने म्हणतो आणि मग लिहितो. ऐकायला कोणी नाही, तरी म्हणतो. चंदरमामा त्या दिवशी झोपले नाहीत. संपल्यावर पडदे सरकवताना म्हणाले, “आकडा बोलून टाकला की चुकत नाय.” मला ते पटलं नाही, पण काय पटलं नाही ते तेव्हा सांगता आलं नाही.

संध्याकाळी अंबरनाथहून शेअर रिक्षाने पालेगावला आले. मोरिवलीची जुनी खोली सोडून आम्ही इथे नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर आलो त्याला तीन वर्षं झाली. आमच्या मजल्यावर अजून दोनच घरांत लोक राहतात. खिडकीतून खाली थोडी भातशेती दिसते, बाकी सगळ्या लोखंडी सळया. बाबा मोरिवलीच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहेत, पहिल्या पाळीला असतात. आई मी सातवीत असताना गेली. तेव्हापासून रात्रीचा स्वयंपाक बाबांचा. त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसून निरीक्षकावरची दोन पानं लिहिली. बाबा आत स्वयंपाकघरात होते, म्हणून दारातून दिसत होतं तेच शेवटी लिहिलं गेलं:

‘माझे बाबा भाताचे तांदूळ मोठ्याने मोजतात. माणशी एक वाटी. एक, दोन. मग ते तिसरी वाटी भरतात, जरा वेळ हातात धरतात आणि परत डब्यात ओततात. दोन वर्षं रोज. निरीक्षकाला वाटत असेल की कोणी ऐकत नाही. मी बाहेरच्या खोलीत असते.’

तिसरी वाटी दादाची. माझा भाऊ, सुयोग. बाबांनी शब्द टाकून आपल्याच कारखान्यात त्याला लावलं होतं. तीन आठवड्यांत त्याने ती नोकरी सोडली. त्या रात्री दोघं जे बोलले त्यानंतर तो घरात राहिला नाही. तो मला तीन-चार महिन्यांनी एकदा फोन करतो, वेगवेगळ्या नंबरांवरून. घरात त्याचं नाव कोणी घेत नाही. कॉलेजात मला भाऊ आहे हेच कोणाला माहीत नाही. वहीतही मी त्याचं नाव लिहिलं नाही. तेवढीच खबरदारी घेतली.

वह्या द्यायच्या आदल्या आठवड्यात तेजलचा फोन आला. तेजल आमच्या वर्गाची प्रतिनिधी, उल्हासनगरचीच. तिच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात आणि सगळे तिचं ऐकतात.

“ऋतू, वही दे ना. फक्त बघते, कसं लिहायचं ते कळायला. भाव नको खाऊ यार.”

मी दिली. ही आमच्याकडची पद्धतच आहे. प्रॅक्टिकलला एकाचं रीडिंग नीट येतं, बाकीचे त्यावरून लिहितात. फक्त शेवटचा आकडा बदलायचा. माझं १०.२ असेल तर तेजल १०.३ लिहिणार, विक्रांत १०.१. सगळ्यांचं अगदी सारखं आलं तर सरांना संशय येतो. थोडं इकडेतिकडे असलं की तो खरा प्रयोग वाटतो. तीन वर्षं बहुतेक वेळा ते पहिलं रीडिंग माझं होतं. वही हवी असली की फोन यायचे, कोणीतरी कॅन्टीनमध्ये शेजारी जागा धरायचं. मला ते आवडायचं, हे खोटं कशाला सांगू. शेवटच्या पानावर काय आहे हे वही देताना मला आठवलं होतं. पण ते पान फाडलं असतं तर मला पाचच माहितीपटांचे गुण मिळाले असते. आणि नाही म्हटलं असतं, तर पुन्हा फोन आला नसता.

तोंडीच्या दिवशी पहिल्यांदाच चौदाच्या चौदा जण आले. भारती मॅडमसमोर वह्यांचा गठ्ठा होता. त्यांनी कोणाला पुढे बोलावलं नाही. एक वही उघडून वाचायला लागल्या.

“‘माझे मामा डाळ मोठ्याने मोजतात. मग ते चौथी वाटी भरतात आणि परत डब्यात ओततात.’” त्यांनी दुसरी उघडली. “‘माझी आजी भाकऱ्या मोजते. पाचवी भाकरी थापते आणि परत परातीत मोडते.’ विक्रांत, आजी कुठे असते तुझी?”

“गावाला, मॅडम.”

“हे तू बाहेरच्या खोलीतून पाहतोस म्हणे. गावाच्या?”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “‘आमच्या शेजारचे काका साबुदाणा मोजतात. सहावी वाटी.’” आता सगळे बाकांवर डोकी टेकून हसत होते, ज्यांनी लिहिलं होतं तेही. अकरा वह्यांत वाटी किंवा भाकरी होती. त्यांनी अकराही वाचल्या. माझी नववी होती. तिलाही तेवढंच हसले.

मी माझ्या हातांकडे बघत होते. आकडे बदलले तरी प्रयोग तोच राहतो, हे आम्ही तीन वर्षं धरून चाललो होतो. इथे प्रत्येक आकड्यागणिक माझ्या घरातला माणूस थोडा थोडा कोणीच नसल्यासारखा होत होता.

मॅडमनी वह्या मिटल्या. “यातली एक वाटी खरी आहे,” त्या म्हणाल्या. “एवढं मला कळतं. ती कोणाची?”

तेजल माझ्या पुढच्या बाकावर होती. तिने मागे पाहिलं नाही. माझं नाव निघालं तर वही दिल्याबद्दल माझेही गुण जातील, हा हिशोब तिने माझ्याआधी केला असणार. ती उभी राहिली.

“मॅडम, ते नेटवरनं घेतलंय. आम्ही सगळ्यांनी. ओरिजिनल कोणाचंच नाहीये.”

ती मला वाचवत होती. मला ते तेव्हाही कळत होतं. मी गप्प राहिले असते तर सगळ्यांना सारखीच शिक्षा झाली असती, सगळ्यांनी मिळून पुन्हा लिहिलं असतं, आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये माझी जागा असती. मागे दाराशी चंदरमामा उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं, आणि सांगायचं काम त्यांचं नव्हतं.

“नेटवरचं नाही,” मी म्हटलं. उभं राहायला विसरले होते. मग उभी राहिले. “ते माझे वडील आहेत.”

वर्गात कोणीतरी उरलेलं हसू खोकल्यात घालवलं.

“आणि तिसरी वाटी?” मॅडमनी विचारलं. फार हळू विचारलं. नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

“दादाची. सुयोगची. तो दोन वर्षं घरी नाही.”

हे नाव मी शेवटचं मोठ्याने कधी म्हटलं होतं ते आठवेना. मॅडमनी मान हलवली आणि मला बसायला सांगितलं. बाकीच्या दहा जणांना सहाही माहितीपट पुन्हा पाहून नव्याने लिहायचे होते, चंदरमामांसमोर. वही दिल्याबद्दल माझे पाच गुण कापले. ते बरोबरच होतं.

बाहेर जिन्यात तेजल थांबली होती. तिचे डोळे लाल होते. रागाने की कशाने, ते मला ठरवता आलं नाही.

“मला वाटलं, तू बनवून लिहिलंयस,” ती म्हणाली. “फिल्ममधल्यासारखं. सांगायचं ना यार.”

मी म्हटलं, तू कधी विचारलं नाहीस. सोमवारी कॅन्टीनमध्ये तिने मला हात केला, पण तिच्या शेजारची खुर्ची रिकामी नव्हती.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा आंघोळ करून स्वयंपाकघरात गेले होते. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. एरवी मी बाहेरच बसते. त्या दिवशी उठून दारात जाऊन उभी राहिले, कॅमेरा घेऊन कोणी उभं राहील अशा अंतरावर.

“एक,” बाबा म्हणाले. “दोन.”

तिसरी वाटी भरली. तेवढ्यात त्यांना मी दिसले. वाटी हातात तशीच राहिली. चंदरमामांचं मला का पटलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. चुकू नये म्हणून बाबा मोजत नव्हते. दोन वर्षं ते मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मोजत होते, आणि तिसऱ्या आकड्याला थांबत होते.

“तीन,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी वाटी पातेल्यात रिकामी केली, तांदूळ धुतले, पाणी बेताने वाढवलं आणि गॅस लावला. जेवताना आम्ही बातम्या पाहिल्या. दादाचं नाव निघालं नाही.

भात उरला. सकाळी पाळीला जाण्याआधी बाबांनी त्याला फोडणी दिली, डबा भरला आणि माझ्या बॅगेशेजारी ठेवला. झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून वरून रबर लावलं होतं. तो एकटीला संपण्यासारखा नव्हता.