चार ठोकळ्यांवरची खुर्ची

मित्रांनो, माझ्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे ठोकलेले आहेत. त्यामुळे या अडगळीच्या खोलीतही मी इतरांपेक्षा चार बोटे उंच दिसते. तो माझा गर्व समजू नका. मी वेताच्या बैठकीची, बिनहातांची एक जुनी खुर्ची आहे, आणि ही उंची मला एका मुलीच्या डोकेदुखीने दिली आहे.

जोगेश्वरीच्या राजाराम सुतारांनी मला सागवानातून घडवले. पाठीवरून शेवटचा हात फिरवताना ते समाधानाने हसले होते. पण मी कोणत्या टेबलापुढे बसणार, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. अंधेरीच्या एका कारखान्याच्या कार्यालयात आले, तेव्हा टंकलेखन यंत्राचे टेबल मला फार उंच निघाले. गुबगुबीत गादीच्या खुर्च्या साहेबांना आणि हेडक्लार्कना, हातांच्या साध्या खुर्च्या कारकुनांना आणि टायपिस्ट मुलींना बिनहातांच्या, अशी तिथली रीत. खुर्चीवरून माणसाचा हुद्दा कळे. माणसाची उंची कोणी विचारत नसे.

१९८३ साली वनमाला माझ्यावर बसू लागली. ती चारकोपहून येई. वडील गिरणीच्या संपानंतर घरीच बसलेले. तिची नोकरी तात्पुरती. वर्षअखेरच्या परीक्षेत उतरली तरच ती कायम होणार होती. बोटे तिची पावसाच्या सरीसारखी चालत. पण महिन्यातून तीन-चारदा तिला अर्धशिशी उठे. आधी डाव्या डोळ्यापुढे उजेडाची नागमोडी रेघ, मग अर्ध्या डोक्यात घण, मग स्टेन्सिलच्या शाईचा वाससुद्धा सोसवेना. ती कपाळ यंत्राच्या थंड पत्र्यावर टेकवी, आणि तिच्या अंगाची थरथर माझ्या बैठकीत उतरे. मला हात नव्हते. असते, तरी खुर्चीचे हात कोणाला कवटाळतात?

"डोकं काय फक्त हिलाच आहे?" हेडक्लार्क अंबादासराव म्हणत. "बाम लाव आणि काम कर."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मानेसाठी फिजिओथेरपीला धाडले. तिथल्या मीराताईंनी तिची मान, खांदे चाचपले आणि म्हणाल्या, "मला तुझी खुर्ची बघायचीय." एका शनिवारी त्या खरोखरच आल्या. माझ्यावर बसल्या, यंत्रावर हात ठेवले आणि त्यांचे खांदे कानांकडे चढले.

"बघ, दिवसभर तू अशी बसतेस. दुखणं मुळात डोक्याचंच आहे, ते मी घालवू शकत नाही. पण ही आखडलेली मान त्याला रोज बोलावणं धाडते. ते तरी थांबवू या."

त्यांच्या सांगण्यावरून शिपाई गुणाजींनी खोक्यांच्या फळ्यांचे ठोकळे करून माझ्या पायांना ठोकले, एक खोका वनमालेच्या पावलांखाली ठेवला आणि कागद डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक फळी उभी केली. "बसा आता वनमालाबाई. डुगडुगली तर नाव बदलीन!"

"अगं बाई, राणीसाहेब!" शेजारची प्रेमा ओरडली. "आम्ही प्रजा काय खाली बसायची?"

वनमाला हसली. दर तासाला ती हनुवटी मागे घेई, खांदे सैल सोडी, मान सावकाश वळवी. कोणी पाहत नाहीसे बघून अंबादासरावही एकदा तसेच करताना मला दिसले. पावसाळा सरला तेव्हा महिन्याकाठी एखादीच अर्धशिशी उरली होती. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, की मी कोणाच्या तरी उपयोगाची आहे.

मग परीक्षेचा दिवस आला. मुख्य कचेरीतून परीक्षक येणार होते. अंबादासराव सकाळी स्वतःची गादीची खुर्ची ढकलत घेऊन आले. वनमालेच्या यंत्रापुढे ती ठेवून म्हणाले,

"पोरी, वर्षभर तुला टाकून बोललो. आज माझ्या खुर्चीवर बस. पंधरा वर्षांत कोणाला दिली नाही."

"साहेब, तिची ती उंच खुर्ची..." गुणाजी पुटपुटले.

"अरे, पाहुण्यांसमोर ठोकळ्यांची खुर्ची शोभते का?"

वनमालेचा हात माझ्या पाठीवर होता. बोटे क्षणभर घट्ट झाली. टोमणे तिला परतवता आले असते. ती माया परतवता येईना. तिने वाकून अंबादासरावांना नमस्कार केला. बोटे सुटली. मला भिंतीशी लावण्यात आले.

ती त्या गादीत खोल रुतली. खुर्चीच्या दोन्ही हातांनी तिचे खांदे वर ढकलले. यंत्र तिच्या छातीपाशी आले. परीक्षा दोन तासांची. पहिला तास तिने ओढून नेला. मग तिचा डावा तळवा मानेवर गेला. ती खूण माझ्या ओळखीची होती. मी पाच पावलांवर रिकामी उभी होते, आणि लाकडाला हाक मारता येत नाही. तिने एक डोळा मिटला. बोटे अडखळली. यंत्राचा आवाज विरळ होत गेला आणि थांबला. तोंडाला पदर लावून ती बाहेर धावली.

ती कायम झाली नाही. शेवटच्या दिवशी सगळे चहाला गेल्यावर ती माझ्यावर येऊन बसली. हनुवटी मागे घेतली, खांदे सैल सोडले, मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. मग उठली आणि गेली.

अंबादासराव निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले, "मी तर माझी खुर्ची दिली होती. नशीबच नव्हतं पोरीचं." त्यांना खरे कोणीच सांगितले नाही, वनमालेनेही नाही.

तिच्यानंतर पावलांखालचा खोका कुठेतरी गेला, माझ्यावर बसून कोणाचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून मी या अडगळीत आले. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणी दुखण्याने कपाळ धरून बसले असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. आणि मन भरून येऊन त्याला आपली सर्वांत चांगली वस्तू द्यावीशी वाटली, तर देण्याआधी जरा थांबा. "तुला कशावर बसून बरं वाटतं?" एवढे विचारा. त्या सकाळी हा प्रश्न मला येत होता. पण तो विचारायला तोंड लागते, आणि ते तुमच्यापाशी आहे.