शिवणीतली माया

मित्रांनो, माझे वय कुणी विचारले तर मी म्हणतो, माझे पहिले दोन इंच पाहा. तिथले आकडे बोटांनी झिजून गेले आहेत. बाकीचे अठ्ठावन्न इंच अजून स्वच्छ वाचता येतात.

मी टेलरकाकांचा टेप. पिवळ्या मेणकापडाचा, दोन्ही टोकांना पितळी पत्रा असलेला. कारखान्यातून निघताना आम्हा सगळ्यांना एका लोखंडी पट्टीशी लावून तपासले होते. केसभर फरक निघाला तरी तो टेप बाद. मी त्यात टिकलो. आयुष्यात अभिमान धरावा असे माझ्याकडे तेवढेच आहे.

दिवसभर मी काकांच्या गळ्यात लोंबतो. काका माप घेतात आणि मोठ्याने सांगतात. मशीनपाशी बसलेल्या काकू ते वहीत लिहितात. पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात 'माया' म्हणतात. शाळेचा गणवेश शिवायला आलेली प्रत्येक आई सांगते, "काका, माया भरपूर ठेवा. वाढतं अंग आहे."

बारकी पहिल्यांदा आली तेव्हा सहा वर्षांची होती. घरात धाकटी, म्हणून बारकी. कंबर एकवीस. इतर मुले वर्षागणिक उंच होत आणि त्यांच्या स्कर्टची नाहीतर पँटची लांबी वाढे. बारकीची लांबी बेताने वाढे, कंबर मात्र भराभर. सव्वीस झाली, मग एकोणतीस. दुकानातले लोक कौतुकाने म्हणत, "खात्यापित्या घरची दिसते हो." तिची आई खूश होई. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. टेपाला आकडा कळतो, अर्थ कळत नाही.

ती अकरा वर्षांची असताना, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात दुकान मुलांनी भरले होते. काकांनी सवयीप्रमाणे आवाज दिला, "कंबर एकतीस."

मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "नाव बारकी आणि कंबर बाबांची."

हशा पिकला. बारकी रडली नाही. तिने पोट आत ओढून श्वास धरला, आणि मी सुटेपर्यंत तो सोडला नाही. मी तिच्या भोवतीच होतो, म्हणून मला ते कळले.

काकांच्या मनाला ते फार लागले. पुढच्या वर्षी तिच्या कमरेभोवती माझे टोक चौतीसवर मिळाले. काका म्हणाले, "एकोणतीस," आणि चौतीस आकडा बोटांनी काकूंना खुणावला. काकूंनी वहीत खरा आकडा लिहिला आणि स्कर्ट बरोबर बेतला गेला.

"बघ, उतरलीस की," आई म्हणाली. तिला हायसे वाटले. डोळ्यांना दिसत होते, पण कानांनी ऐकलेले जास्त गोड होते. त्यामुळे घरात काही बदलले नाही. शाळेतून आल्यावर टीव्हीसमोर थंड पेयाची बाटली आणि बिस्किटांचा पुडा, खेळाच्या तासाला पोटदुखीचे निमित्त. हे सगळे त्या मायलेकी दुकानात हसत हसत सांगत. त्याच्या पुढच्या वर्षी छत्तीसचे तीस झाले.

त्याच वर्षी कॉलर बसवून पाहताना काकूंना तिच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा पट्टा दिसला.

"रोज घासते हो मी," आई ओशाळून म्हणाली. "मळ निघतच नाही मेला."

"हा मळ नाही, ताई. माझ्या भाच्याला असंच झालं होतं, तेव्हा रक्त तपासायला लावलं होतं. उद्याच दाखवा हिला." एवढे बोलून काकूंनी काकांकडे पाहिले. काका खडूचे टोक घासत बसले.

चार दिवसांनी आई एकटीच आली.

"डॉक्टरांनी कंबर मोजली. छत्तीस. मी म्हटलं, आमच्या टेलरकाकांनी आत्ताच तीस सांगितलीय. ते म्हणाले, मग टेलर बदला. खरं सांगा काका, तुमच्या टेपात खोट आहे का?"

काकांनी मला गळ्यातून काढून टेबलावर ठेवले. इतक्या वर्षांत माझ्यावर असा आळ पहिल्यांदाच आला होता.

"खोट टेपात नाही, ताई. माझ्या जिभेत आहे." काकूंनी वही उघडून पुढे सरकवली. काका म्हणाले, "पोरीला लोक हसले, म्हणून मी... मायेनं केलं."

"माया कापडात ठेवायची, काका. आकड्यात नाही."

मग ती स्टुलावर बसली आणि तिने सगळे सांगितले. बारकीचा रक्तदाब वाढला होता, रक्तात चरबी जास्त होती, साखर काठावर आली होती. या गोष्टी कमरेच्या चरबीसोबत एकत्र आल्या की पुढे मधुमेह आणि हृदयविकार वाट पाहत असतात, आणि ही तर तेरा वर्षांची. डॉक्टर म्हणाले होते, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. बारकीची उंची एकोणसाठ इंच. "दोन वर्षं आधी कळलं असतं तर सोपं गेलं असतं, म्हणाले. आताही जमेल, पण तिला एकटीला वेगळं ताट वाढायचं नाही. सगळ्या घरानं बदलायचं."

त्या घरातल्या बाटल्या बंद झाल्या. संध्याकाळी बारकी आणि तिचे बाबा आमच्या दुकानावरून चालत जाऊ लागले. बाबा काकांना म्हणत, "शिक्षा तिला आहे की मला, तेच कळत नाही." पण ते रोज जात.

मित्रांनो, कुणाच्या अंगावर हसू नका. हसलात की ते माणूस आपले माप लपवते, आणि मग त्याला मदत करणाऱ्यालाही ते सापडत नाही. आणि आपले माप आपण विचारायला लाजू नका. मी कुणाला नावे ठेवत नाही. मी फक्त सांगतो.

सहा महिन्यांनी बारकी स्कर्ट आत घ्यायला आली. रक्तदाब उतरला होता, साखर पुन्हा तपासायची होती. दुकानात तेव्हाही दोन-तीन मुली होत्या. काकांनी मला तिच्या कमरेभोवती धरले आणि न बोलता आकडा तिच्यासमोर केला. तिने वाकून वाचला. साडेचौतीस.

"काय लिहू गं?" काकूंनी हळूच विचारले.

"आहे तेच लिहा," बारकी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असे.